जुनी मोटारसायकल घेताना आधी चेसीस तपासा

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण स्थानकांबाहेरील वाहनतळांवर सकाळच्या वेळी नजर टाकली, तर पाच-दहा वर्षे वापरलेल्या मोटारसायकली मोठ्या संख्येने दिसतात. घर ते स्थानक एवढ्याच प्रवासासाठी नवी गाडी घेण्यापेक्षा ओळखीतून, गॅरेजवाल्याकडून किंवा जुन्या वाहनांच्या विक्रेत्याकडून गाडी घेण्याकडे अनेक नोकरदारांचा कल असतो. व्यवहार ठरवताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर पाहिले जातात, गाडी किती किलोमीटर धावली हे विचारले जाते. ज्या सांगाड्यावर ही सारी गाडी उभी असते, त्याच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हा सांगाडा बिघडलेला असेल, तर स्वस्तात मिळालेली गाडी फार महाग पडते.

चेसीसला एवढे महत्त्व का?

इंजिन, टाकी, आसन, हँडल आणि दोन्ही चाके ज्या पोलादी सांगाड्यावर बसवलेली असतात, त्याला फ्रेम म्हणतात. गॅरेजच्या आणि परिवहन कार्यालयाच्या भाषेत हीच चेसीस. इंजिन उघडून दुरुस्त करता येते, क्लचप्लेट, चेनसेट, टायर नवे बसवता येतात. चेसीसचे तसे नाही. ती वाकली, तर तिला मूळ मापात आणण्यासाठी तिला साच्यात घट्ट धरून मापे घेण्याची सोय असलेली कार्यशाळा लागते. जॅक लावून अथवा गॅसने तापवून ओढलेली नळी दिसायला सरळ होते, पण तिची ताकद पूर्वीइतकी राहीलच याची खात्री देता येत नाही.

मोटारसायकलचा तोल हँडलच्या नळीच्या कोनावर अवलंबून असतो. समोरून धडक बसली, की ही नळी मागे ढकलली जाते, कोन अधिक उभा होतो आणि पुढचे चाक इंजिनाच्या जवळ येते. अशी गाडी गल्लीतून हळू चालवताना ठीक वाटते. घोडबंदर मार्गावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर वेग घेतल्यावर मात्र तिचे हँडल अस्थिर होते आणि अचानक ब्रेक लावताना ती एका बाजूला ओढते. त्यामुळे चेसीसचा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही चेसीस हीच गाडीची ओळख असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार निर्मात्याने चेसीस क्रमांक आणि इंजिन क्रमांक वाहनावर कायमस्वरूपी उमटवणे बंधनकारक आहे. नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि मालकीचे हस्तांतरण या सर्वांत हा क्रमांक असतो.

येथील रस्ते आणि पाऊस

ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि डांबर व काँक्रीट यांच्या सांध्यांवरील उंचसखलपणा हे येथील दुचाकीस्वारांच्या रोजच्या परिचयाचे आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत दुचाकीस्वारांचे बळी गेले होते. अशा रस्त्यांवर वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीला एकदाही मोठा अपघात झाला नसला, तरी वेल्डिंगच्या सांध्यांना बारीक तडे जाऊ शकतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठचे कल्याण, बदलापूर हे भाग जलमय झाले होते. जुलै २०१९ मध्ये याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात, परंतु चेसीसच्या पोकळ नळ्यांत शिरलेले गढूळ पाणी आतून गंज चढवत राहते. खाडीकिनाऱ्यावरील खारी हवा आणि वाहनतळांवर दिवसभर उघड्यावर उभे राहणे यांचीही त्यात भर पडते.

चेसीसचे प्रकार

सर्व गाड्यांची चेसीस एकसारखी नसते आणि त्यामुळे पाहण्याच्या जागाही बदलतात. १९९४ मध्ये आलेली हीरो होंडा स्प्लेंडर आणि २००१ मध्ये आलेली बजाज पल्सर यांची चेसीस पाळण्यासारखी असते. हँडलखालून निघालेल्या नळ्या इंजिनाच्या खालून मागे जातात. अशा गाडीत समोरून बसलेल्या धडकेची खूण हँडलच्या नळीलगत खालच्या नळ्यांवर आणि खड्ड्याची वा गतिरोधकाची खूण इंजिनाखालच्या नळ्यांवर मिळते.

२००४ मध्ये आलेल्या होंडा युनिकॉर्नची चेसीस डायमंड प्रकारची आहे. तिच्यात इंजिनाखाली नळी नसते. इंजिन हाच सांगाड्याचा एक दुवा असतो. येथे इंजिन ज्या कानांवर बोल्टने आवळलेले असते, ते कान आणि त्यांची वेल्डिंग तपासणे महत्त्वाचे असते. यामाहा आर-१५ किंवा पल्सर एनएस-२०० यांसारख्या गाड्यांत इंजिनाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी चेसीस असते. तिच्यावरील खोल ओरखडे आणि पोचे गांभीर्याने घ्यावेत.

यामाहा आरएक्स-१०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. म्हणजे या गाडीची सर्वांत नवी चेसीसही आता तीन दशकांच्या आसपासची आहे. हौशी ग्राहकांमुळे या गाडीला चांगली किंमत येते, म्हणूनच रंग काढून नवी केलेली चेसीस आणि तिच्यावरील क्रमांक दोन्ही अधिक काटेकोरपणे पाहावेत.

पाहायला जाताना

गाडी नेहमी दिवसाउजेडी पाहावी. संध्याकाळी दुकानाच्या दिव्याखाली रंगातील फरक आणि बारीक तडे लपून जातात. पावसात भिजलेली गाडीही पाहू नये, कारण ओल्या रंगावर सर्व दोष झाकले जातात. सोबत छोटी बॅटरी, मोजपट्टी, लोहचुंबक, पाच-सहा मीटर सुतळी आणि रॉकेल किंवा डिझेलने ओलसर केलेले फडके असावे. आसन आणि बाजूची झाकणे काढून दाखवावीत, अशी विनंती आधीच करावी. झाकणे काढू न देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार पुढे न नेणे उत्तम. शक्य असल्यास विक्रेत्याशी संबंध नसलेला, स्वतःच्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा.

दुरून पाहणी

गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावून हँडल सरळ करावे आणि आठ-दहा फूट मागे जाऊन खाली बसून पाहावे. मागचे आणि पुढचे चाक एका रेषेत दिसले पाहिजे. मागचा मडगार्ड, आसन आणि हेडलाइट यांचा मध्य जुळतो का, हेही पाहावे. नंतर समोरून तसेच निरीक्षण करावे. दोन्ही चाकांचे टायर मध्यभागी सारखे झिजलेले असावेत. एकाच बाजूची झीज चाक तिरके चालत असल्याचे सुचवते.

सुतळीची चाचणी यापेक्षा खात्रीची. मागच्या चाकाच्या मागील बाजूला सुतळीचा मध्य टेकवून तिची दोन्ही टोके गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढे न्यावीत. सुतळी आसाच्या थोडी खाली, सायलेन्सर आणि स्टँडला न अडकेल अशा उंचीवर धरावी. दोन्ही टायरची रुंदी सारखी असेल, तर सुतळी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकून पुढच्या टायरलाही टेकली पाहिजे. पुढचा टायर अरुंद असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच अंतर उरले पाहिजे. एका बाजूला अंतर अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर चेन आवळताना मागचे चाक तिरके बसले आहे, चिमटा वाकला आहे किंवा चेसीसच पिळली गेली आहे. चेन आवळण्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असूनही फरक राहिला, तर संशय चिमट्यावर आणि चेसीसवर जातो.

मोजपट्टीने पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ते सारखे भरले पाहिजे. कंपनीच्या माहितीपत्रकात हे माप व्हीलबेस म्हणून दिलेले असते. प्रत्यक्ष माप त्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरले, तर समोरून धडक बसल्याची शक्यता मोठी असते.

जवळून तपासणी

सुरुवात हँडलच्या नळीपासून करावी. टाकीखाली, ही नळी आणि वरची-खालची नळी जिथे जोडलेली असते, तो सर्वाधिक ताण सोसणारा सांधा आहे. फडक्याने धूळ-तेल पुसून बॅटरीच्या उजेडात तेथील रंग पाहावा. रंगाला सुरकुत्या पडणे, पापुद्रे सुटणे किंवा केसासारखी गंजाची रेघ दिसणे, ही धातू वाकल्याची अथवा तडकल्याची चिन्हे आहेत. खालच्या नळीच्या मागील बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, बोट फिरवून पाहावे. फुगवटा किंवा घडी बोटाला लगेच जाणवते.

हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून थांबा तपासावा. अपघातात चाक जोरात फिरले, तर हा थांबा वाकतो किंवा तुटतो आणि हँडल टाकीला लागते. टाकीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना पोचे असतील तर त्याचे कारण येथेच सापडते. फोर्कच्या दोन्ही नळ्या बाजूने पाहिल्यास समांतर दिसाव्यात. त्या वाकल्या असतील किंवा त्यांना धरणारी टी फिरली असेल, तर चेसीसची तपासणी दुप्पट काळजीने करावी, कारण समोरच्या धडकेत आधी फोर्क वाकतो आणि उरलेला जोर चेसीसवर जातो.

त्यानंतर इंजिनाचे बोल्ट आणि कान पाहावेत. बोल्टच्या डोक्यावरील रंग पान्याने उडालेला असेल, तर इंजिन उतरवले गेले आहे. एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, पण ते का उतरवले हे विचारावे आणि उत्तर कामाच्या पावतीशी ताडून पाहावे. गाडीखाली वाकून इंजिनाखालच्या नळ्या, मेन स्टँडचे आणि फूटरेस्टचे सांधे पाहावेत. साइड स्टँडजवळची वेल्डिंग तुटून पुन्हा जोडलेली असणे ही नेहमीची बाब आहे आणि ती स्वच्छ जोडलेली असेल तर चिंता नाही.

मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवावे. चिमट्यात खेळ जाणवला, तर बहुधा बुश झिजलेले असतात आणि ते बदलता येतात. मात्र चिमट्याचा बोल्ट चेसीसमध्ये जिथे बसतो, त्या जागेभोवती तडा असेल तर तो गंभीर दोष होय.

आसन काढल्यावर मागचा भाग उघडा पडतो. दुधाचे कॅन, गॅस सिलिंडर किंवा पार्सलच्या पेट्या वाहिलेल्या गाड्यांत शॉकअब्जॉर्बरच्या वरच्या टोकाजवळ चेसीसला तडे जातात किंवा मागचा भाग खाली झुकतो. दोन्ही शॉकअब्जॉर्बर बसवलेल्या जागा जमिनीपासून सारख्याच उंचीवर आहेत का, हे मोजावे.

वेल्डिंग आणि रंग

कारखान्यातील वेल्डिंग सलग आणि एकसारख्या जाडीची असते. नंतर केलेली वेल्डिंग गोळ्यागोळ्यांची दिसते, आजूबाजूला ठिणग्यांचे थेंब चिकटलेले असतात किंवा ग्राइंडर फिरवल्याचे ओरखडे रंगाखालून दिसतात. नळीवर पत्र्याचा तुकडा पट्टीसारखा जोडलेला आढळला, तर त्याखाली तडा किंवा गंजून पडलेले छिद्र आहे असेच समजावे.

संपूर्ण चेसीस जुनी आणि फक्त हँडलखालची हातभर नळी नवीकोरी काळी असेल, तर तो रंग विनाकारण दिलेला नसतो. बोल्टवर, वायरींवर आणि रबरी भागांवर रंगाचे शिंतोडे असतील, तर चेसीस न उघडता घाईने रंगवलेली आहे. लोहचुंबक नळीवरून फिरवावा. पोलादी चेसीसवर तो एखाद्या ठिकाणी सैल धरत असेल, तर तेथे पुट्टी भरलेली असू शकते.

वरवरचा तांबूस गंज पुसून किंवा घासून जातो आणि येथील हवेत तो असायचाच. घातक गंज नळीच्या आतून येतो. बॅटरीच्या ट्रेखाली, मागच्या मडगार्डच्या आत आणि नळ्यांच्या खालच्या वळणांवर पेचकसाच्या मुठीने हलके ठोकावे. भक्कम नळी खणखणीत वाजते, पोकळ झालेली बद्द आवाज करते आणि गंजाचे पापुद्रे सुटतात. बाजूच्या झाकणांमागे, हेडलाइटच्या वाटीत आणि वायरींच्या जोडांत वाळलेला चिखल किंवा हिरवट थर सापडला, तर गाडी पाण्यात बुडाली असण्याची शक्यता असते.

चेसीस क्रमांक

चेसीस क्रमांक बहुतेक गाड्यांत हँडलच्या नळीवर किंवा तिच्या जवळ असतो. अलीकडच्या गाड्यांवर तो सतरा अक्षर-अंकांचा असून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत. क्रमांक पुसून स्वच्छ करावा आणि नोंदणी प्रमाणपत्राशी एकेक अक्षर ताडून पाहावा. एम-परिवहन अॅपवर वाहन क्रमांक टाकल्यास नोंदणीचा तपशील मिळतो, तोही जुळवावा.

अक्षरांची खोली आणि अंतर सारखे आहे का, क्रमांकाभोवतीचा धातू घासून पातळ केलेला आहे का, हे बारकाईने पाहावे. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली, की ठसा कागदावर उमटतो आणि डोळ्यांना न दिसलेली जुनी अक्षरेही कधी कधी त्यात उठून दिसतात. खाडाखोड आढळल्यास किंमत कितीही कमी असली तरी गाडी घेऊ नये. चोरीचे वाहन निष्पन्न झाल्यास ते पोलीस जप्त करतात आणि पैसे परत मिळवण्यासाठी ग्राहकालाच धावाधाव करावी लागते.

अपघातानंतर कंपनीची नवी चेसीस बसवलेली असेल, तर ते गैर नाही. मात्र त्याची परवानगी आणि नोंद परिवहन कार्यालयात झालेली असली पाहिजे व नोंदणी प्रमाणपत्रावर नवा क्रमांक असला पाहिजे.

चालवून पाहणे

वरील तपासणीत काही गैर आढळले नाही, तरच गाडी चालवून पाहावी. हेल्मेट घालूनच बसावे आणि गाडीचा विमा चालू असल्याची खात्री करावी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेग ठेवून हँडलवरची पकड थोडी सैल करावी, हात मात्र सोडू नयेत. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्याच रस्त्यावर उलट दिशेनेही चालवून पाहावी. रस्त्याच्या उतारामुळे ओढ असेल, तर एकदा ती उताराच्या बाजूला आणि परतताना दुसऱ्या हाताला जाणवते. दोन्ही वेळा एकाच हाताला ओढ असेल, तर दोष गाडीत आहे. सरळ जाताना हँडल तिरके धरावे लागणे हीसुद्धा तशीच खूण आहे.

हँडल मध्यभागी अडकल्यासारखे वाटत असेल, तर बहुधा कोनसेट खराब झालेला असतो. चाक डुगडुगत असेल, तर रिम आउट किंवा बेअरिंग झिजलेले असू शकते. हे दोष चेसीसचे नव्हेत आणि दुरुस्त होण्यासारखे आहेत. त्यांच्या खर्चाइतकी किंमत कमी करून घेता येते.

कागदपत्रांतील खुणा

चेसीसचा इतिहास कागदांतही सापडतो. सर्वंकष विमा असलेल्या गाडीला दावा न केल्यास दरवर्षी नो क्लेम बोनस मिळतो. तो एका वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के असतो. अनेक वर्षांच्या सर्वंकष विम्यावर हा बोनस शून्य दिसला, तर मध्यंतरी दावा झाला आहे आणि तो कशासाठी, हे विचारावे. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असलेल्या गाडीला हा नियम लागू पडत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्ण नुकसानग्रस्त धरली जाते. अशी गाडी भंगाराच्या भावाने विकली जाऊन दुरुस्तीनंतर पुन्हा बाजारात येऊ शकते.

गाडी पसंत पडल्यास हस्तांतरण लगेच करून घ्यावे. विक्रेत्याने नमुना २९ आणि खरेदीदाराने नमुना ३० परिवहन कार्यालयात सादर करायचा असतो. मोटार वाहन कायद्यातील कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याला १४ दिवसांची आणि खरेदीदाराला ३० दिवसांची मुदत असते. ठाण्याच्या गाड्यांवर एमएच-०४ आणि कल्याण-डोंबिवलीच्या गाड्यांवर एमएच-०५ ही नोंदणी असते. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घ्यावा. परराज्यातील गाडीसाठी तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गाडी १५ वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणावेळी परिवहन कार्यालयात तिची तपासणी होते, हेही लक्षात ठेवावे.

घ्यावी की सोडावी?

किंमत कमी करून घेता येण्यासारखे दोष: वरवरचा गंज, झिजलेला कोनसेट, चिमट्याचे बुश, रिम आउट, साइड स्टँडची स्वच्छ वेल्डिंग, किंचित वाकलेले फूटरेस्ट किंवा लेगगार्ड.

कार्यशाळेचा लेखी अंदाज घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे दोष: वाकलेला फोर्क किंवा टी, वाकलेला चिमटा, शॉकअब्जॉर्बरच्या जागेजवळ झुकलेला मागचा भाग.

गाडी सोडूनच द्यावी असे दोष: हँडलच्या नळीजवळ तडा, घडी किंवा नवी वेल्डिंग, चिमट्याच्या बोल्टभोवती तडा, आतून गंजलेल्या नळ्या, दोन्ही बाजूंच्या व्हीलबेसमध्ये न सुटणारा फरक, खाडाखोड केलेला किंवा न जुळणारा चेसीस क्रमांक.

ही सर्व तपासणी सवयीने अर्ध्या-पाऊण तासात होते. तेवढा वेळ ग्राहकाने मागून घ्यावा आणि तोपर्यंत इसाऱ्याची रक्कम देऊ नये.